२०१८ची व्ही-क्रॉस घ्यावी का? गाडी बघण्याआधी वजनाचा हिशेब करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरी पुण्यात, राजापूर तालुक्यात हापूस आणि काजूची बाग, जोडीला दोन खोल्यांचा होमस्टे. महिन्याला दोन-तीन फेऱ्या. समोर आलेली गाडी म्हणजे २०१८ची इसुझु डी-मॅक्स व्ही-क्रॉस हा पिकअप: २.५ लिटर डिझेल, पाच गिअर, फोर बाय फोर, ९२,००० किलोमीटर, पांढरी पाटी, म्हणजे खासगी नोंदणी. शंका अशी की बांधणी जुनी झाली, परदेशात पुढची पिढी येऊन बरीच वर्षे लोटली. मग ही घ्यावी, की शोरूममधून नवी १.९ लिटरची उचलावी?

आधी ‘जुनी’ या शब्दाचा गोंधळ सोडवू. ही बांधणी २०११ साली थायलंडमध्ये आली. आंध्रातल्या श्री सिटीच्या कारखान्यातून ती आपल्याकडे २०१६ मध्ये निघाली. थायलंडमध्ये तिसरी पिढी २०१९च्या ऑक्टोबरात आली. आपल्याकडे मात्र बीएस-६ हे धुराचे नवे निकष आल्यानंतरही १.९ लिटरची व्ही-क्रॉस आली ती दुसऱ्याच पिढीच्या सांगाड्यावर. चेसिस तीच, मागचे पाटे तेच, केबिनचा साचा तोच. म्हणजे तुम्ही जुनी बांधणी विरुद्ध नवी बांधणी असा सौदा करतच नाही आहात. नव्या गाडीत जादा पैसे जातात ते इंजिन, सहा गिअर, जास्तीचे इलेक्ट्रॉनिक्स आणि वॉरंटीसाठी. बांधणी जुनी म्हणून २०१८ची नाकारायची, तर १.९ही त्याच कारणाने नाकारावी लागेल.

खरा प्रश्न वजनाचा आहे, आणि तो बहुतेक जण गाडी घेऊन झाल्यावर विचारतात.

पांढऱ्या पाटीची व्ही-क्रॉस दिसायला दांडगी आहे. लांबी ५,२९५ मिलिमीटर, मागे दीड मीटर लांब नि तेवढाच रुंद हौदा. बघणाऱ्याला वाटते, टनभर माल सहज जाईल. पण पाच माणसे धरल्यावर तिची कागदोपत्री मालक्षमता दोनशे-अडीचशे किलोंच्या घरातच राहते. आरसीवर भरल्या गाडीचे एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन असे दोन आकडे असतात. पहिल्यातून दुसरा वजा करा. जे उरेल त्यात तुम्ही, घरचे, बॅगा आणि मागच्या मालकाने बसवलेली फायबरची कॅनपी, म्हणजे हौद्यावरचे छप्पर, सगळे आले. कॅनपी आणि लोखंडी गार्ड मिळून पन्नास-साठ किलो तर सहज खातात.

आता बागेच्या भाषेत. मध्यम आकाराच्या हापूसची पाच डझनांची पेटी धरा. फळ अडीचशे ग्रॅमचे, म्हणजे साठ फळांचे पंधरा किलो, लाकूड नि पेंढा धरून सतरा-अठरा. सव्वादोनशे किलोंत बारा पेट्या होतात. हौद्यात मावतात मात्र पंचवीस-तीस, त्यामुळे हात आवरत नाही आणि साडेचारशे-पाचशे किलो भरले जातात. एकटेच चालवत असाल तर चार माणसांचे वजन वाचते, तेव्हा त्याहून बऱ्याच जास्त पेट्या नियमात बसतात. चिऱ्याचे तर विचारूच नका. जांभ्याचा एक चिरा पंचवीस-तीस किलोंचा, म्हणजे आठ-दहा चिऱ्यांत कोटा संपला. सिमेंटची पोती चार. पाचशे लिटरची टाकी भरून वरच्या कलमांना पाणी घालायचा बेत असेल तर ही गाडी त्यासाठी नाही.

पाटे इतके वजन उचलतात, हे खरे आहे. म्हणून तर लोक भरतात. पण पाटे न मोडणे वेगळे आणि गाडी घाटात थांबणे वेगळे. मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आहेत. अणुस्कुरा किंवा करूळ घाट उतरताना पाचशे किलो जास्त असतील तर ड्रम तापतात, लायनर चकाकतो आणि पॅडल खाली जाऊ लागते. शिवाय ओझे मागच्या अॅक्सलच्या मागे सरकले की पुढची चाके हलकी होतात, आणि ओल्या वळणावर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळ जाऊ बघते. अपघात झालाच तर विमा कंपनी पहिल्यांदा वजन आणि पाटीचा रंग बघेल. पांढऱ्या पाटीवर भाडे घेऊन दुसऱ्याचा माल नेता येत नाही. होमस्टेच्या पाहुण्यांना पैसे घेऊन स्टेशनवरून आणणेही त्यातच मोडते.

म्हणून सरळ सांगायचे तर, हंगामात रोज चाळीस पेट्या किंवा बांधकामाचे सामान वाहायचे असेल तर व्ही-क्रॉसचा विचार सोडा. त्याच चेसिसवरचा इसुझुचाच मालवाहू पिकअप, एस-कॅब बघा. त्याची मालक्षमता १,०५५ किलो आहे, पाच माणसे बसतात, मालवाहू म्हणून पासिंग होते. इंजिन २.५ लिटरचेच, पण फक्त ७८ अश्वशक्ती नि १७६ न्यूटन-मीटरचे. भरल्या गाडीने घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्येच राहावे लागेल, आणि फोर बाय फोर नाही. परवान्याची भीती बाळगू नका: साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले. एकूण वजन ३,००० किलोंच्या आत असेल तर मालवाहतुकीचे परमिटही लागत नाही. फिटनेस मात्र पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावे लागते. पांढऱ्या पाटीला पंधरा वर्षे ती कटकट नाही. महिंद्राची बोलेरो कॅम्परही याच कामाची, आणि तिचा मेस्त्री प्रत्येक तालुक्याला आहे. दिसण्यात मार खाते, कामात नाही.

तुमच्या लिहिण्यावरून वाटते की भार एवढा नाही: दोन-चार माणसे, दहा-पंधरा पेट्या, खताची दोन पोती, फवारणीचा पंप, कधी गॅसची सिलिंडरे. आणि पावसाळ्यात बागेपर्यंतचा शेवटचा दीड किलोमीटर चिखलाचा. या कामाला व्ही-क्रॉस बरोबर बसते. पुढचे सगळे हे गृहीत धरून.

जुन्या बांधणीचा पहिला फायदा म्हणजे ती मेस्त्रीला कळते. शिडीसारखी चेसिस, मागे पाटे, हायड्रॉलिक स्टिअरिंग, पुढे कॉइल स्प्रिंगचे डबल विशबोन. पाट्याचा बुश, शॅकल, क्रॉस जॉइंट, व्हील बेअरिंग ही कामे राजापूर, लांज्याचा कुठलाही चांगला मेस्त्री करू शकतो. स्टिअरिंग जड वाटले तर तेल, बेल्ट, पंप, रॅकचा सील एवढ्याच गोष्टी बघायच्या. इलेक्ट्रिक स्टिअरिंगसारखे स्कॅनर लावून बसावे लागत नाही. २०१८च्या २.५ला डीपीएफ, म्हणजे धुराची काजळी अडवणारी जाळी, नाही. दोन्ही इंजिनांना टायमिंग बेल्ट नसून चेन आहे, त्यामुळे लाख किलोमीटरला बेल्ट बदलण्याचा खर्चही नाही.

डीपीएफचा मुद्दा तुमच्या वापरासाठी मोठा आहे, म्हणून जरा थांबतो. बीएस-६च्या १.९ मध्ये साठलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट बराच वेळ तापलेला राहावा लागतो. पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने चालले की हे काम आपोआप उरकते. गाडी पुणे-कोल्हापूर रस्त्यावर धावते तोवर काही अडचण नाही. पण हंगामात ती तीन आठवडे बागेतच राहिली, रोज दोन-तीन किलोमीटर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये फिरली, तर जाळण्याची क्रिया सुरू होते आणि अर्धवट तुटते. त्यासाठी जादा सोडलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला तर समजा, हेच चालले आहे. पातळ झालेले ऑइल टर्बोच्या बेअरिंगला पुरत नाही. १.९ घेतली तर बागेच्या मुक्कामात आठवड्यातून एकदा हायवेला अर्धा तास मोकळी पळवून आणा, आणि मीटरवर डीपीएफचा दिवा लागला असेल तर घराशी येऊनही इंजिन बंद करू नका, तसेच पुढे चालवत राहा.

बाकी इंजिन म्हणून १.९ उजवे आहे, त्यात वाद नाही. २.५ची ताकद सुमारे १३४ अश्वशक्ती नि ३२० न्यूटन-मीटर. लहान असूनही १.९ देते १६३ पीएस नि ३६०. सहाव्या गिअरमुळे हायवेला आवाज कमी आणि ऑटोमॅटिकचा पर्यायही आहे. २.५ला खालच्या फेऱ्यांत टर्बो जागा होईपर्यंत जरा मंदपणा जाणवतो. १,८०० फेऱ्यांच्या आत घाटात तिसऱ्यात रेटू नका, सरळ दुसरा टाका. अॅव्हरेज दोन्हींचे वापरावर ठरते. भरल्या घाटात दहाच्या आसपास, शांत हायवेला बारा-तेरा धरून चाला. त्यापेक्षा जास्त सांगणारा विक्रेता असेल तर टाकी फुल करून शंभर किलोमीटर फिरवून पुन्हा फुल करायला सांगा.

आता तोटे. रिकामा हौदा हा पहिला. पाटे ओझ्यासाठी आहेत. ओझे नसले की ते दबतच नाहीत. गतिरोधकावर मागची माणसे उडतात, आणि घाटातल्या खडबडीत वळणावर मागची चाके क्षणभर रस्ता सोडून आडवी सरकतात. ओल्या डांबरावर हे जास्त. हवेचा दाब कमी करणे हा अर्धा उपाय आहे. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरल्या गाडीचे दाब वेगळे दिलेले असतात, तेवढे पाळले तरी फरक पडतो. पंक्चरवाले सगळ्या पिकअपमध्ये मालाच्या हिशेबाने ठासून हवा भरतात, ते नाकारा. शॉकअप थकलेले असतील तर चारही बदला, दोनच नको. मागे वयस्कर माणसे वरचेवर बसणार असतील तर मात्र हा दोष कशानेच पूर्ण जात नाही. मागच्या सीटची पाठ उभी आहे, आणि पुणे ते राजापूर हा काही तासाभराचा प्रवास नाही.

दुसरा तोटा लांबीचा. १,८६० मिलिमीटर रुंदी आणि सहा मीटरपेक्षा जास्त वळणत्रिज्या. दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे असलेल्या वाडीच्या वाटेत काटकोनी वळण एका दमात बसत नाही. गाडी बघायला जाण्याआधी तुमच्या वाटेतली सर्वांत अरुंद जागा टेपने मोजा. सव्वादोन मीटरपेक्षा कमी भरली तर आरशांचे रोजचे भांडण. पुण्यातल्या सोसायटीचे पार्किंगही मोजा. पाच मीटरच्या खुणेत ती तीस सेंटिमीटर बाहेरच राहते, आणि चेअरमन लोक पट्टी घेऊन बसलेले असतात.

तिसरा सुरक्षेचा. केबिन दशकभरापूर्वीच्या निकषांवर घडलेली आहे. तिसऱ्या पिढीला ऑस्ट्रेलियाच्या ॲनकॅप या धडक-चाचणी संस्थेने २०२० मध्ये पाच तारे दिले. समोरचे वाहन ओळखून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आणि दोन पुढच्या सीटांमधली एअरबॅग तिला आहे. ते तारे या गाडीला लागू नाहीत, हे लक्षात ठेवा. इंटरनेटवर सर्रास घोळ होतो. २०१८च्या २.५ला दोन एअरबॅगा आणि एबीएस, तर १.९च्या झेड प्रेस्टीज या व्हेरियंटला सहा एअरबॅगा. ईएससी, म्हणजे घसरती गाडी चाकागणिक ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा, कुठल्या व्हेरियंटला आहे ते त्या गाडीच्या कागदावर बघूनच ठरवा. वर सांगितलेल्या रिकाम्या हौद्याच्या आजारावर तेच खरे औषध आहे. माझ्या मते नव्या गाडीवर जादा पैसे मोजायचे एकमेव भक्कम कारण हेच, टचस्क्रीन नव्हे. आणि हौद्यात माणसे बसवायची नाहीत, बागेतून घरापर्यंतसुद्धा.

चौथा तोटा सर्व्हिसचा. पाटे, बुश गावात होतील. पण काच, दिवा, बंपर, सेन्सर यांसाठी कंपनीचे सेंटर गाठावे लागते आणि ती मोजक्याच शहरांत आहेत. पुण्याला घर असल्याने तुम्हाला हे झेपेल. कायम कोकणात राहणाऱ्याला हा सल्ला दिला नसता. दुसरा पर्याय टोयोटा हायलक्स. तिची बांधणीही २०१५ची, म्हणजे तीही काही कालची नाही, २.८ लिटरचे इंजिन फॉर्च्युनरचेच असल्याने सुटे भाग मिळतात, मागचा डिफ-लॉकही, म्हणजे मागची दोन्ही चाके एकत्र बांधणारे कुलूप, आहे. किंमत मात्र वरच्या पायरीची.

फोर बाय फोरबद्दल दोन गोष्टी, कारण जुन्या गाडीत खर्च इथेच लपलेला असतो. ही पार्ट-टाइम पद्धत आहे: पुढच्या आणि मागच्या अॅक्सलमध्ये फरक सोसणारा डिफरन्शियल नाही. वळताना पुढची चाके मोठ्या कमानीवरून जातात, मागची लहान. चिखलात हा फरक चाक घसरून निघून जातो. कोरड्या डांबरावर तो प्रॉपेलर शाफ्ट आणि ट्रान्स्फर केसमध्ये पिळासारखा साठतो. गाडी अडखळते, स्टिअरिंग ओढते, शेवटी चेन नाहीतर जॉइंट जातो. म्हणून फोर-हाय, म्हणजे नेहमीच्या वेगाचा फोर बाय फोर, फक्त सैल जमिनीवर. टू-हाय, म्हणजे फक्त मागच्या चाकांची ओढ, यातून फोर-हायमध्ये चालत्या गाडीत जाता येते. फोर-लो, म्हणजे कमी वेग नि जास्त ओढ, यासाठी गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रल करून, क्लच दाबून बटण फिरवायचे आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वाट बघायची. शहरात वापरलेल्या गाड्यांत वर्षानुवर्षे ते बटण कोणी फिरवलेलेच नसते आणि मोटर अडकून बसते. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर दोन किलोमीटर फोर-हायमध्ये चालवणे एवढाच त्यावर इलाज. आपल्याकडच्या या गाडीला कंपनीचा मागचा डिफ-लॉक नाही, त्यामुळे एक चाक हवेत गेले की फोर बाय फोर असूनही गाडी अडकू शकते. चिखलात टायरची नक्षी निम्मे काम करते. १६ इंची चाकावरचा २४५/७० टायर मिळाला तर तो ठेवा. त्याची बाजूची भिंत १७१ मिलिमीटरची, तर १८ इंची २५५/६०ची १५३. दगडावर तेवढा गादीपणा उपयोगी पडतो.

आता प्रत्यक्ष गाडी बघणे. विक्रेत्याला आदल्या रात्री सांगा, सकाळी आम्ही येईपर्यंत चालू करायची नाही. बॉनेटला हात लावून थंड आहे ना बघा. थंड इंजिन दोन-तीन फेऱ्यांत धरले पाहिजे. सुरुवातीचा हलका पांढरा धूर क्षणभर चालतो. निळा राहिला तर ऑइल जळते आहे, टर्बो किंवा रिंगा. गरम झाल्यावर ऑइलचे झाकण सैल करून भोकावर उलटे ठेवा. थरथरले तर ठीक, उडून पडायला लागले किंवा धूर भसाभस आला तर कॉम्प्रेशन खाली गळते आहे. सौदा तिथेच थांबवा.

या २.५ इंजिनाचा ओळखीचा आजार म्हणजे आयडलवर फेऱ्या वरखाली होणे, किंवा हायवेला अचानक दम जाऊन चेक-लाइट लागणे आणि बंद करून चालू केले की पुन्हा नीट. बऱ्याचदा दोष डिझेल पंपावरच्या सक्शन कंट्रोल व्हॉल्व्हचा असतो. डिझेलमधला बारीक कचरा नि पाणी यांनी त्याची दांडी अडखळते आणि इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या रेलमधला दाब डळमळतो. गॅरेजवाला मात्र थेट चारही इंजेक्टरचे एस्टिमेट देतो. क्रम असा ठेवा: आधी डिझेल फिल्टर आणि त्यातले पाणी, मग हा व्हॉल्व्ह, मग इंजेक्टरची रिटर्न चाचणी. चारही नळ्यांतून बाटल्यांत येणारे डिझेल साधारण सारखे हवे. एखादी बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली तर तो इंजेक्टर गेला. पंपाला हात शेवटी. जोडीला ईजीआर, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी वाट, आणि इनटेकची नळी खोलून बघा. ९२,००० किलोमीटरला तिथे डांबरासारखा काजळीचा थर असतोच; साफ केला की खालच्या फेऱ्यांतला दम परत येतो.

यानंतर गाडीखाली झोपायचे. कोकणात वापरलेली गाडी असेल तर इंजिनापेक्षा हे महत्त्वाचे. इंजिन बांधून मिळते, गंजलेली चेसिस मिळत नाही. स्टेपनी उतरवून तिच्या वरचा आडवा दांडा, पाट्यांचे मागचे हँगर, मागच्या चाकाच्या वरची चेसिसची बाजू आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या बघा. लहान हातोडीने टकटक करत जा. खणखणीत आवाज यायला हवा, भदभद आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर आतून खाल्लेली आहे. ताजा काळा रंग मारलेला दिसला तर संशय घ्या आणि खरवडून बघा. हौद्यातले प्लॅस्टिकचे लायनर काढायला लावा. त्याच्याखाली वाळू नि पाणी अडकून पत्रा सडतो आणि वरून कळत नाही. लायनरखाली पांढरट वाळू निघाली तर गाडी किनाऱ्यावर होडी ओढायला गेलेली असू शकते. अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी नको.

तिथेच पाटे मोजा, दोन्ही बाजूंचे सारखे आहेत का बघा. मधेच एखादा नवा जाड पाटा घातलेला असेल, किंवा पाटे अॅक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टच्या जुन्या खुणा सरकलेल्या असतील, तर पांढऱ्या पाटीआड गाडी ओझे वाहत होती. रबरी ठोकळे चेपून चकाकत असतील तर तोच पुरावा. दोन्ही बाजूंची उंची चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत मोजा. दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक म्हणजे एका बाजूचा पाटा बसला.

मागचा डिफ, पुढचा डिफ, ट्रान्स्फर केस या तिन्हींचे प्लग सैल करून तेलाचा थेंब बोटावर घ्या. दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. गरम केस ओढ्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि तुंबलेल्या ब्रीदरमुळे, म्हणजे हवा जायच्या भोकामुळे, सीलमधून पाणी ओढले जाते. तेल बदलून भागते, पण बेअरिंग किती दिवस त्या पाण्यात फिरले हे कोणी सांगणार नाही, म्हणून किंमत पाडून मागा. पुढची चाके जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा, खुळखुळ आली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे हलवून आली तर टायरॉड एंड. चालवताना थांबल्या जागेवरून उचलताना, पंधरा ते तीसच्या वेगात, खालून थरथर आली तर प्रॉपेलर शाफ्टचे मधले बेअरिंग किंवा क्रॉस. हे मोठे खर्च नाहीत, पण एकत्र आले की आकडा फुगतो. क्लच बघायला चढावर तिसऱ्यात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. फेऱ्या वाढल्या पण वेग वाढला नाही तर प्लेट संपली.

कागदांत सरकारी ‘वाहन’ पोर्टलवर कर्जाचा बोजा, पाटीचा प्रकार आणि चलन तपासा. पुढे लोखंडी बुलबार असेल तर काढून टाकायची तयारी ठेवा. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये त्यांवर बंदीचे आदेश दिले, आणि एअरबॅगच्या सेन्सरला धक्क्याची खरी कल्पना येत नाही हा त्यामागचा खरा धोका. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा. ‘२३१८’ म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही दिसली तरी तो टायर आता बदलायचाच, आणि पाच टायर ही लहान रक्कम नाही.

तर निर्णय असा. चेसिस कोरी, पाटे मूळचे आणि तेले स्वच्छ निघाली तर २०१८ची घ्या आणि किमतीच्या दहा-बारा टक्के बाजूला ठेवून पहिल्या महिन्यात सगळी तेले, कूलंट, ब्रेक ऑइल, डिझेल नि एअर फिल्टर, बेल्ट बदलून टाका, मागचे ड्रम खोलून चिखल काढा, प्रॉपेलरच्या प्रत्येक निपलला ग्रीस भरा. यू-बोल्ट पहिल्या हजार किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या. चेसिस डागाळलेली असेल तर ‘थोडीशीच आहे’ म्हणणाऱ्याचे ऐकू नका, दुसरी शोधा. आणि घरची मंडळी मागच्या सीटवर दर फेरीला असणार असतील, तर ईएससी आणि सहा एअरबॅगांची १.९ घ्या, डीपीएफचे पथ्य पाळून.

बागेवर दोन डिझेल फिल्टर, एक बेल्ट, लिटरभर ब्रेक ऑइल, ग्रीस गन आणि दोन शॅकलसकट ओढायचा पट्टा कायम ठेवा. कॅनमध्ये साठवलेले डिझेल पावसाळ्यात टाकीत ओतू नका, सक्शन व्हॉल्व्हचे मरण त्या पाण्यातच असते. दर मुक्कामाच्या शेवटी, पुण्याला निघण्याआधी, गाडी जरा चढावर उभी करून गोड्या पाण्याने खालून धुवा: आधी हँगर, मग चेसिसच्या भोकांतून आत, शेवटी हौद्याचे फाळके उघडून कडा. धुतल्यावर पहिल्या दोन किलोमीटरांत ब्रेक हलके दाबत ड्रम सुकवून घ्या, म्हणजे घाटात ते वेळेवर धरतील.